कोकणातील मुक्तस्रोत उद्योग संघटना : सदस्यता शुल्काची निश्चिती, पात्रता, कागदपत्रे आणि निधीची विभागणी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, अलिबाग अशा गावांतून पतपेढीचे हिशेब, काजू कारखान्याचा साठा किंवा तारकर्लीच्या होमस्टेचे आरक्षण सांभाळणारी प्रणाली करून देणाऱ्या छोट्या संस्था लिनक्स (संगणकाची संचालन प्रणाली), पोस्टग्रेसक्यूएल (माहितीसाठा), ईआरपीनेक्स्ट (व्यवसाय-व्यवस्थापन) यांसारख्या मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरचा आधार घेऊ शकतात. हे सॉफ्टवेअर परवाना शुल्काशिवाय मिळते, पण ते सुस्थितीत ठेवणाऱ्यांचे श्रम कोणाला तरी पुरवावे लागतात. हा भार वाटून घेण्यासाठी अशा व्यावसायिकांना संघटना स्थापन करायची असेल, तर शुल्काचे नियम नोंदणीपूर्वीच लिहून ठेवावेत, कारण नोंदणीनंतर ते बदलण्यासाठी सभा आणि ठराव घ्यावे लागतात.

नोंदणीचे दोन मार्ग व्यवहार्य आहेत. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था स्थापन करू शकतात आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंद होते. त्यासाठी उद्देशपत्र, नियमावली, पदाधिकाऱ्यांचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा आणि कार्यालयाच्या जागामालकाचे संमतिपत्र तयार ठेवावे. दुसरा मार्ग कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील कंपनीचा आहे. या कलमात वाणिज्यवृद्धी हा उद्देश स्पष्टपणे नमूद असल्यामुळे व्यावसायिकांच्या संघटनेला तो अधिक साजेसा वाटतो. या कंपनीला सदस्यांत लाभांश वाटता येत नाही, ही अट शुल्काच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण वर्षअखेरीस उरलेली रक्कम सदस्यांना परत न करता पुढील कामासाठीच राखावी लागते.

सदस्यत्वासाठी पात्रतेची अट साधी असावी. अर्जदार मुक्तस्रोत परवान्याखालील सॉफ्टवेअर विकसित करणारा, ते बसवून देणारा, त्याचे प्रशिक्षण देणारा किंवा भाषांतर करणारा असावा. अर्जदार संस्थांनी पॅन, उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र, असल्यास जीएसटी क्रमांक, मागील वर्षाचे आयकर विवरणपत्र आणि प्रतिनिधी नेमल्याचा ठराव जोडावा. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यक्तीला पॅन आणि केलेल्या कामाचा थोडक्यात तपशील पुरेसा आहे. उद्यम प्रमाणपत्रावरून शुल्काचा वर्ग ठरवण्याचा मोह टाळावा. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालमर्यादा १० कोटी रुपये झाली आहे आणि एवढ्या रुंद चौकटीत आपल्याकडील जवळजवळ सगळेच अर्जदार एकाच वर्गात बसतील.

शुल्क ठरवताना सुरुवात खर्चापासून करावी. समजा, वर्षाचा अंदाजित खर्च १,८०,००० रुपये आणि सदस्य ३० आहेत. समान वाटणी केल्यास प्रत्येकी ६,००० रुपये येतात. ते सहा लाखांचा व्यवसाय करणाऱ्याच्या उलाढालीचा एक टक्का होतात, तर तीन कोटींच्या कंपनीला ०.०२ टक्केच पडतात. म्हणून टप्पे हवेत. दहा वैयक्तिक सदस्यांकडून प्रत्येकी १,०००, वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या बारा संस्थांकडून ३,०००, एक कोटीपर्यंतच्या सहा संस्थांकडून ९,००० आणि त्यावरील दोन कंपन्यांकडून ४०,००० रुपये घेतल्यास तेवढीच रक्कम जमते. जगातील मोठ्या मुक्तस्रोत संघटनांतही असे टप्पे असतात; इक्लिप्स फाउंडेशन कंपन्यांचे शुल्क वार्षिक महसुलानुसार ठरवते. कर्मचारीसंख्येवर आधारलेले टप्पेही प्रचलित आहेत, परंतु हंगामापुरती माणसे घेणाऱ्या किंवा घरच्याच माणसांवर चालणाऱ्या व्यवसायांत ती मोजणी वादाची ठरेल.

उलाढाल मोजतानाही एक काळजी घ्यावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी संगणक आणि प्रिंटर विकणारे दुकान बरेचदा सॉफ्टवेअरचे कामही करते. अशा दुकानाची एकूण उलाढाल मोठी दिसली तरी तीत यंत्रसामग्रीच्या खरेदीची किंमतच जास्त असते, त्यामुळे टप्पा ठरवण्यासाठी केवळ सॉफ्टवेअर आणि सेवांचे उत्पन्न धरावे आणि त्यासाठी सनदी लेखापालाचा दाखला किंवा, लहान सदस्यांच्या बाबतीत, स्वयंघोषणापत्र स्वीकारावे.

जास्त शुल्क देणाऱ्याला जास्त मते द्यावीत का, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. लिनक्स फाउंडेशनमध्ये सर्वोच्च श्रेणीतील सदस्य कंपन्यांना संचालक मंडळात स्थान मिळते. याउलट अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचे सदस्यत्व पैशाने मिळत नाही. विद्यमान सदस्य योगदान पाहून नव्या व्यक्तींना निवडतात आणि प्रायोजकांना तांत्रिक निर्णयांत अधिकार नसतो. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि उद्या एकाच निविदेत समोरासमोर येऊ शकतात, अशा छोट्या क्षेत्रात एक सदस्य, एक मत हाच नियम असावा, असे माझे ठाम मत आहे. पैशावर मते मोजली गेली तर लहान व्यावसायिक पहिल्याच वर्षी बाहेर पडतील.

जमलेल्या निधीच्या विभागणीचे प्रमाण नियमावलीतच लिहावे. वरील उदाहरणात ३० टक्के, म्हणजे ५४,००० रुपये, ज्या सॉफ्टवेअरवर सदस्यांचा व्यवसाय उभा आहे त्याच्या देखभालीसाठी, दोषदुरुस्तीसाठी आणि मराठीकरणासाठी सर्वांत आधी बाजूला काढावेत. हा हिस्सा शेवटासाठी ठेवला तर तो कधीच उरत नाही. लेखापरीक्षण आणि वैधानिक विवरणपत्रांसाठी २५ टक्के, प्रशिक्षणासाठी २५ टक्के आणि राखीव निधीसाठी २० टक्के ठेवता येतील. राखीव निधी अनिवार्य आहे, कारण या रचनेत दोन मोठे सदस्य मिळून ४४ टक्के रक्कम देतात आणि त्यांपैकी एक जरी गेला तरी ४०,००० रुपयांची खोट येते. एखाद्या सदस्याने देखभालीचे काम स्वतः केले, तर शुल्कात सूट देण्यापेक्षा शुल्क पूर्ण घ्यावे आणि प्रत्यक्ष कामाचा वाजवी मोबदला स्वतंत्र बिलावर द्यावा. हिशेब त्यामुळे स्वच्छ राहतो.

कराचा विचार टप्पे ठरवतानाच व्हावा. व्यापार-उद्योगाच्या वृद्धीसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत ना-नफा संस्थेने प्रति सदस्य वर्षाला १,००० रुपयांपर्यंत घेतलेल्या वर्गणीला जीएसटीतून सूट आहे, म्हणून वैयक्तिक शुल्क त्या मर्यादेत ठेवणे हिताचे. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे. संघटनेने सदस्यांना दिलेली सेवा करपात्र धरणारी तरतूद २०२१ च्या वित्त कायद्याने १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने आणली. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली असल्याने मोठ्या रकमांबाबत सल्लागाराचे लेखी मत घेऊन ठेवावे.

शुल्काची अंतिम तारीख ३० जून ठेवावी. आंबा आणि उन्हाळी पर्यटनाचा हंगाम मेअखेर ओसरतो आणि ग्राहकांकडची बिले त्यानंतर वसूल होऊ लागतात, त्यामुळे एप्रिलमध्ये शुल्क मागणे अव्यवहार्य आहे. १८६० च्या अधिनियमाच्या कलम १५ नुसार तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ वर्गणी थकवणाऱ्या सदस्याला मतदानाचा हक्क राहत नाही. म्हणजे ३० जूनची मुदत चुकवणारा सदस्य ऑक्टोबरच्या मध्यास होणाऱ्या सभेत मत देऊ शकणार नाही, आणि ही बाब त्याला सप्टेंबरच्या सुरुवातीसच लेखी कळवणे हे सचिवाचे कर्तव्य मानावे. कलम ८ कंपनीला मात्र वार्षिक सभा साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून तिने थकबाकीचा नियम आपल्या अंतर्नियमांत वेगळा लिहावा आणि सभेची तारीख गणेशोत्सवाचे दिवस टाळून ठरवावी.

परदेशी कंपनीकडून देणगी घ्यायची असल्यास विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आधी मिळवावी लागते. तोपर्यंत अशी रक्कम संघटनेच्या कोणत्याही खात्यात स्वीकारू नये.