संपावर बंदी, तीही क्रांतीवाल्यांनीच घातलेली

फ्रेंच राज्यक्रांतीतलं बॅस्टिल, राजाराणी, गिलोटिन हे सगळ्यांना माहितीय, त्यात जात नाही. आज फ्रान्समध्ये संप झाला की रेल्वे बंद, शाळा बंद, पण त्याच देशात 1791 ते 1864 अशी 73 वर्षं संप हा गुन्हा होता, आणि सुरुवात राजाने नाही तर क्रांतीच्या असेंब्लीने केली.

त्याआधी धंदे गिल्डांच्या, म्हणजे एकेका धंद्यातल्या उस्तादांच्या संघटनांच्या, मुठीत. उस्ताद व्हायचं तर वर्षानुवर्षं राबा, फी भरा, आणि उस्तादाचा पोरगा असाल तर सगळं सोपं. मार्च 1791 मध्ये गिल्डं मोडली, परवाना घ्या आणि हवा तो धंदा करा. लगेच पॅरिसच्या सुतारांनी एकत्र येऊन दिवसाला किमान 50 सू (तेव्हाची नाणी) मजुरी मागितली, तर मालक ओरडायला लागले की हे म्हणजे गिल्डच परत आलं! 14 जूनला कायदा पास, फारशी चर्चाही नाही. एका धंद्यातल्या लोकांनी अध्यक्ष निवडायचा नाही, रजिस्टर ठेवायचं नाही, आपल्या ‘समान हिताचे’ ठराव करायचे नाहीत, म्होरक्याला 500 लिव्र (तेव्हाचं चलन) दंड आणि वर्षभर राजकीय हक्क बंद.

आता हा सरळ मालकांचा डाव होता का, यावर अजून भांडणं चालतात. मला ते अर्धंच पटतं. कायदा मांडणाऱ्याचं म्हणणं असं की माणूस आणि राष्ट्र यांच्या मधे तिसरं कुणी नको, आजारी किंवा बेकार कामगाराला मदत करायची तर ती राष्ट्राने करावी. म्हणजे ज्या विचाराने गिल्ड मोडलं त्याच विचाराने युनियनही मोडली, फक्त ती राष्ट्राची मदत काही नीट पोचली नाही :) 1848 मध्ये बेकारांसाठी सरकारी कामं काढली तीही चार महिन्यांत बंद, आणि मग पॅरिसच्या रस्त्यावर रक्त सांडलं.

कायद्यातला शब्द होता ‘कोअलिशन’. आपल्याला आघाडी सरकार आठवतं, तिथे मजुरांचं एकत्र येणं हाच गुन्हा. कागदावर मालकांनाही लागू, पण 1810 च्या दंडसंहितेत मालकांनी संगनमताने मजुरी पाडली तर ती ‘अन्यायाने’ पाडली असं सिद्ध व्हावं लागायचं आणि मग सहा दिवस ते एक महिना कैद, कामगारांना एक ते तीन महिने, म्होरक्यांना दोन ते पाच वर्षं. शिवाय नागरी संहितेचं कलम 1781 (हा कलमाचा नंबर, साल नाही) म्हणायचं की पगाराच्या वादात मालकाचा शब्द खरा धरायचा. सगळे समान वगैरे.

इंग्लंडात क्रांती नव्हती, तरी 1799-1800 मध्ये तसेच कायदे आले, पण ते 1824 मध्ये गेलेही, पुढच्या वर्षी परत थोडे आवळले एवढंच. कारखाने जिथे जास्त तिथे बंदी लवकर उठली.

फ्रान्समध्ये 1864 ला संपाची शिक्षा गेली, तरी ‘कामाच्या स्वातंत्र्यावर घाला’ हा गुन्हा ठेवलाच. युनियन कायदेशीर व्हायला 1884 उजाडलं, आणि कामगाराने जवळ बाळगायची ती पोलिसी वही (त्याच्या नोकऱ्यांची नोंद असलेली) 1890 ला सुटली.