इलेक्ट्रिक गिटारचा आवाज येतो कुठून?

इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला न जोडता छेडली, तर दार लावलेल्या शेजारच्या खोलीतही ती ऐकू जात नाही. अकूस्टिक गिटारमध्ये तारेचं कंपन पातळ फळी आणि पोकळ पेटी हवेत पसरवतात. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी बहुतेक वेळा भरीव असते, ती हवा फारशी हलवत नाही. तरीही गिटार बनवणाऱ्यांच्या गप्पा रंगल्या की पहिला विषय निघतो लाकडाचा: महोगनी घ्यावं की ॲश, सागवान चालेल का, जुनं लाकूड जास्त गातं का. घरी गिटार बनवू किंवा सुधारू पाहणाऱ्यांना मी आधी दुसरीकडे बघायला सांगतो. तारांखालची कॉइल, तिच्यातून निघणारी केबल आणि फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागा. आवाजाचा बराचसा निकाल इथेच लागतो, आणि त्याची पडताळणी घरच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न घेऊन करता येते.

आधी कॉइल, म्हणजे पिकअप. 1954 साली आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या धर्तीचा पिकअप उघडला की सहा छोट्या दंडगोल चुंबकांभोवती तांब्याची इनॅमल चढवलेली तार गुंडाळलेली दिसते. जाडी 0.063 मिलिमीटर, वेढे 8000च्या आसपास. एका वेढ्याला सरासरी 14 सेंटीमीटर धरले, तर तार एक किलोमीटरच्या वर जाते. वजन मात्र जेमतेम 30 ग्रॅम. आपल्याकडे ही तार 46 गेजची म्हणून मागायची, ती वजनावर मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तार मागितली की दुकानदार हमखास विचारतात, "रिले भरायचाय का, दादा?" गिटारसाठी म्हटलं की ते स्वतःहून दोन रिळं काढून इनॅमल कुठे खरवडलंय का ते उजेडात धरून दाखवतात. हे बघून घेणं फार महत्त्वाचं, कारण आत कुठेही दोन वेढे उघड्या तांब्याने चिकटले, तर कॉइल कमजोर होते.

गुंडाळण्यासाठी शिलाई मशीनची पायाने चालणारी मोटर उत्तम, वेग पायाच्या दाबावर राहतो. तार अंगठा आणि तर्जनीमध्ये धरलेल्या नमद्याच्या तुकड्यातून सरकत जाते. बोटं जास्त आवळली तर तांबं ताणलं जाऊन बारीक होतं किंवा तुटतं. सैल सोडली तर कॉइल फुगते, आतले वेढे मोकळे राहतात आणि मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरून शिट्टी मारायला लागतात. म्हणून गुंडाळून झालेला पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून ठेवतात. बुडबुडे यायचे थांबले की आत सगळीकडे मेण पोचलं. मेण 65 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावं, फार तापलं तर प्लॅस्टिकचा साचा वाकडा होतो. शेवटी मल्टिमीटर लावला की 6 किलोओहमच्या आसपास आकडा यायला हवा.

या कॉइलचं काम मायकेल फॅरेडेने 1831मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचं. चुंबक आपल्या डोक्यावरच्या लोखंडी तारेचा तेवढा तुकडा चुंबकित करतो. तार हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकक्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये विद्युतदाब तयार होतो. पिकअपला फक्त हे कळतं: आपल्या डोक्यावरची तार किती वेगाने हलते आहे. बॉडी कोणत्या झाडाची आहे, हे त्याला थेट कळायला वाव नाही. बाजारात आलेल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गिटारांपैकी एक, रिकनबॅकरची 1932ची 'फ्राइंग पॅन', मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती आणि तिची बॉडी चक्क ओतीव ॲल्युमिनियमची होती. आणि ज्या लिओ फेंडरने भरीव गिटार घराघरात नेली, तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला गिटार वाजवता येत नसे. लॅमिंग्टन रोडच्या परंपरेला तो किती जवळचा माणूस आहे, हे मला फार भावतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, केबल. गिटारमधून ॲम्पकडे जाणारी केबल नुसती वाहक नसते, तीही वाद्याचा भाग असते. कॉइल प्रवाहातल्या बदलाला विरोध करते. केबलच्या आतली तार आणि तिच्याभोवतीची जाळी मिळून थोडा विद्युतभार साठवतात. हे दोन्ही जोडले गेले की झोपाळ्यासारखं होतं: एका ठरावीक लयीत दिलेला धक्का सर्वांत जास्त लागू पडतो. स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या कॉइलचा हा विरोध (प्रवर्तकता) सुमारे 2.5 हेन्री आणि साधारण केबलची साठवण (धारिता) दर मीटरला 100 पिकोफॅरड धरा, कॉइलची स्वतःची 100 मिळवा. 3 मीटर केबलला हा लाडका सूर 5000 हर्ट्झच्या आसपास येतो. केबल 6 मीटरची केली की तो 3800 हर्ट्झवर उतरतो. माणसाचा कान 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यामुळे हा फरक सहज ऐकू येतो. छोट्या केबलने चकाकी, लांब केबलने जरा गोल, मऊ आवाज. महागडा पिकअप विकत घेण्याआधी केबल बदलून बघा, असं मी आग्रहाने सांगतो.

हेच पुढे नेता येतं. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा फिरता रोधक, 250 किलोओहमचा असेल तर तो लाडक्या सुराचा हा उंचवटा दाबतो, 500चा असेल तर उंचवटा ठसठशीत राहतो. एका छोट्या स्विचवर 470 पिकोफॅरडचा कपॅसिटर पिकअपला समांतर जोडा, 3 मीटर केबलसकट उंचवटा 3400 हर्ट्झपर्यंत खाली येतो. कपॅसिटरला चार-पाच रुपये लागतात. बटण दाबलं की जणू दुसरी गिटार हातात आल्याचा भास होतो, कारण कानाच्या दृष्टीने ती खरोखरच दुसरी झालेली असते.

पिकअप कुठे बसवायचा, हा तितकाच रसाळ प्रश्न. ब्रिज (बॉडीवरची घोडी) आणि नट (दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी) यांमधलं अंतर 648 मिलिमीटर असेल, तर ब्रिजपासून 162 मिलिमीटरवर तारेचा बरोबर चौथा भाग येतो. उघड्या तारेचा मूळ स्वराच्या चौपट कंपनसंख्येचा उपस्वर तिथे स्थिर असतो, म्हणून तिथल्या पिकअपला तो जवळजवळ ऐकूच येत नाही आणि आवाज भरदार, काहीसा बासरीसारखा निघतो. ब्रिजला खेटून बसवलेल्या पिकअपला वरचे उपस्वर जोरात मिळतात, मूळ स्वर कमी. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंगने 1800च्या सुमारास छेडण्याच्या जागेबद्दल हेच म्हटलं होतं: ज्या बिंदूवर एखादा उपस्वर स्थिर असतो, तिथे तार छेडली तर तो उपस्वर उमटत नाही. सी. व्ही. रामन यांनी 1921मध्ये दाखवलं की तंबोरा हा नियम पाळत नाही. त्याच्या रुंद, किंचित गोलसर घोडीवर तार घासत, टेकत कंप पावते आणि जे उपस्वर असायला नकोत तेही उमटतात. तीच जवारी. मिरजेचे कारागीर ती आणण्यासाठी घोडी तासनतास घासतात. गिटारच्या नटची खाच झिजून सपाट झाली की नेमकी हीच जवारी न बोलावता येते. इलाजही उलटा: तार खाचेच्या पुढच्या धारेवरूनच सुटेल अशी खाच मागच्या बाजूला उतरती घासायची.

लाकडाला मग काहीच अर्थ नाही का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. जर्मन संशोधक हेल्मुट फ्लायशर यांनी गिटारच्या नेकची, म्हणजे दांडीची, कंपनं मोजून दाखवलं की नेक काही कंपनसंख्यांना स्वतः हलते आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकते. म्हणून एखाद्या फ्रेटवरचा एकच स्वर इतरांपेक्षा लवकर मरतो. घरी बघायचं असेल तर प्रत्येक फ्रेटवर तार छेडून कुठे स्वर दमतो ते शोधा, मग गिटारच्या डोक्याला छोटा सी-क्लॅम्प आवळा. मेलेली जागा सरकते. तेव्हा पैसे घालायचेच तर कडक, सरळ रेषांच्या नेकवर घाला. बॉडीला रे रोडच्या वखारीतलं, पाडलेल्या चाळींच्या तुळयांचं जुनं सागवान छान चालतं. फक्त ते तेलकट असतं, म्हणून फेविकॉल लावण्याआधी सांध्याचा पृष्ठभाग थिनरने पुसायचा, नाहीतर जोड धरत नाही.

फ्रेटच्या जागा हा शुद्ध गणिताचा भाग. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी 1581मध्ये ल्यूटसाठी सोपा नियम दिला: उरलेल्या लांबीचा 18वा भाग पुढे सरका. सुतारपट्टीवर करायला सोपा, पण 648 मिलिमीटरच्या गिटारवर बाराव्या फ्रेटला दोन मिलिमीटरहून जास्त चूक होते आणि षड्जाच्या वरचा षड्ज उतरलेला लागतो. सप्तकाचे बारा सारखे भाग करायला खरा भाजक 18 नव्हे, 17.817. पहिला फ्रेट नटपासून 36.37 मिलिमीटरवर, बारावा बरोबर 324वर. आखताना प्रत्येक फ्रेट नटपासून मोजा. मागच्या फ्रेटपासून मोजलं तर चुका साचत जातात.

मुंबईत एकेरी कॉइलला सर्वांत मोठा त्रास गुणगुणीचा. आपली घरची वीज 50 हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मर, डिमर, स्वस्त एलईडी बल्ब यांनी आवाजात तिच्या पटीतले सूर मिसळतात. 100 हर्ट्झचा सूर जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या, म्हणजे 98 हर्ट्झच्या स्वरापेक्षा किंचित चढा. त्या स्वराबरोबर तो अगदी खटकतो. गिटार गळ्यात घालून जागच्या जागी गोल फिरा, एका दिशेला गुणगुण जवळजवळ बंद होते, कारण त्या कोनात चुंबकक्षेत्र कॉइलमधून आरपार जात नाही. बॉडीच्या पोकळीत तांब्याचा पत्रा चिकटवला की विद्युतक्षेत्राची खरखर जाते. 50 हर्ट्झचं चुंबकक्षेत्र अडवायला मात्र कित्येक मिलिमीटर जाड तांबं लागेल. त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955मध्ये पेटंटसाठी तोडगा नोंदवला: दोन कॉइल, एकीचे चुंबक उलटे आणि वेढेही उलटे. बाहेरची गुणगुण दोघींत विरुद्ध दिशेने येऊन रद्द होते, तारेचा आवाज जोडीने वाढतो.

गुणगुण कमी करण्यासाठी कोणी ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकत असेल, तर त्याला लगेच थांबवा. गिटारच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या चाळींत सॉकेटचं तिसरं भोक कित्येकदा नुसतं दिखाऊ असतं. अशा वेळी एका हातात गिटार आणि ओठांना मायक्रोफोन लागला तर वीज अंगातून जाते. 1972मध्ये स्वान्सीला लेस हार्वे हा गिटारवादक असाच मंचावर मरण पावला. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. त्यानंतरच पिकअपकडे वळा.

राहिला पावसाळा. सहा तारा मिळून नेकवर 45 ते 50 किलोचा ताण देत असतात, आणि जुलैत हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या पुढे गेली की लाकडातलं पाणी 18 टक्क्यांपर्यंत चढू शकतं. लाकूड धाग्यांच्या दिशेला फारसं वाढत नाही, आडवं मात्र फुगतं. पावसाळ्यात आखलेला फ्रेटबोर्ड पुढे एसी लावलेल्या खोलीत आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन बोटाला टोचतात. म्हणून फ्रेट बसवण्याचं काम मी नोव्हेंबर ते मार्चमध्येच करतो. नेकचा बाक बघायला नागदेवी स्ट्रीटवर मिळणारा गॅरेजवाल्यांचा फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, घ्या. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबली की सातव्या-आठव्या फ्रेटवर 0.2 ते 0.3 मिलिमीटरची फट असावी. फट वाढली तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची दांडी, पाव फेरा आवळा, गिटार रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. लाकूड लगेच बसत नाही, आणि घाईने दिलेला दुसरा पाव फेरा बहुधा दुसऱ्या दिवशी परत उलटा द्यावा लागतो.