सोयाबीनच्या मुळातलं हिमोग्लोबिन

पेरण्या आटोपल्या की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज उगवतो: 'हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पिकाला तो फुकट मिळतो, युरिया हा कंपन्यांचा डाव आहे.' यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून बाकीचीही खपून जातात.

झाड हवेतून पुष्कळ घेतं, यात वाद नाही. वाळलेल्या झाडाच्या वजनात कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन मिळून नव्वद टक्क्यांच्या वर भरतात, आणि ते येतात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि पाण्यातून. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या शास्त्रज्ञाने २०० पौंड मातीत विलोचं रोप ५ वर्षं वाढवलं. झाड १६४ पौंडांनी वाढलं, माती घटली जेमतेम २ औंस. (सगळं पाण्यातून आलं असं त्याला वाटलं, हवा त्याच्या हिशेबात नव्हती.) पण पीक अडतं ते त्या २ औंसांपाशीच. नत्र (म्हणजेच नायट्रोजन), स्फुरद, पालाश, लोह हे मुळांनाच मातीतल्या पाण्यातून ओढून घ्यावं लागतं.

मग हवेतल्या नत्राचं काय? त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे जखडलेले असतात की पानांना त्याचा काडीचा उपयोग नाही. खत कारखान्यात तो बंध तोडायला ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि वातावरणाच्या शंभरपटीहून जास्त दाब लागतो. तूर, हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम गटातले जीवाणू हेच काम ओल्या मातीच्या तापमानाला करतात. ज्वारीला, कापसाला अशा गाठी येत नाहीत. मेसेज नेमका इथे गप्प असतो.

त्या गाठीत जे चालतं, त्यावर माझा फार जीव आहे. नत्राचा बंध तोडणारं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) म्हणजे नायट्रोजनेज. त्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं, आणि ऑक्सिजन लागला की ते कायमचं निकामी होतं. पण नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, १६ रेणू आणि ८ इलेक्ट्रॉन खर्च होतात, आणि एवढी ऊर्जा कमवायला जीवाणूला श्वसन हवं, म्हणजे ऑक्सिजन हवाच. ऑक्सिजन नसेल तर जीवाणू उपाशी, असेल तर एन्झाइम बाद.

यावर झाडाने काढलेला तोडगा म्हणजे हिमोग्लोबिन! आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा भाऊबंद, नाव लेगहिमोग्लोबिन. गाठीतला लाल पदार्थ हिमोग्लोबिनच आहे, हे जपानच्या कुबो यांनी १९३९ मध्ये ओळखलं. तो ऑक्सिजनला घट्ट धरतो आणि थेट जीवाणूंपर्यंत पोचवतो. मोकळा ऑक्सिजन तिथे साध्या पाण्यात विरघळलेल्यापेक्षा हजारो पटींनी कमी राहतो. रोकड कुणाच्या हाती नाही, पण वाण्याच्या खात्यावर माल रोज घरी येतो, तसं.

जीवाणूंना या कामाची मजुरी म्हणून झाडाने केलेली साखर मिळते. मातीत नत्र आयतं सापडलं तर झाड ही मजुरी बंद करतं. सोयाबीनला युरिया जास्त टाकला की गाठी कमी येतात, त्या यामुळे.

गेल्या श्रावणात चुलतभाऊ पिवळ्या पडलेल्या सोयाबीनवर युरिया फेकायला निघाला होता. मी म्हटलं, थांब. पिवळी पडली होती ती शेंड्याची कोवळी पानं, शिरा हिरव्याच होत्या. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड त्यांतलं नत्र काढून शेंड्याला देतं. लोह असं सहज हलवता येत नाही. चुनखडीच्या काळ्या रानात लोह असूनही मुळांना मिळत नाही. आणि लोहाशिवाय ना नायट्रोजनेज, ना लेगहिमोग्लोबिन. हवेतलं नत्र घ्यायचं म्हटलं तरी वाट मातीतूनच जाते.

रोप उपटलं नाही. ओढलं की गाठी मातीतच राहतात. खुरप्याने ढेकळासकट काढून बादलीत बुडवलं. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या होत्या. एक नखाने चिरली. आतून लालसर निघाली, बोटाला डाग लागला.

पुतण्या वाकून बघत होता. म्हणाला, "काका, किडा चिरडलात?"