शीत-अवगाह टाकी (घरगुती)

शीत-अवगाह टाकी : मानेपर्यंतचे शरीर थंड पाण्यात अल्पकाळ बुडवून बसण्यासाठी घरी ठेवलेले पात्र. पाण्याचे तापमान साधारणतः १०° ते १५° से. आणि बसण्याचा अवधी काही मिनिटांचा असतो. बोलण्यात ‘कोल्ड प्लंज’, ‘आइस बाथ’ किंवा नुसते ‘टब’ हे शब्द चालतात. परंतु निसर्गोपचारातील कटिस्नानाच्या खुर्चीवजा पात्रालाही मराठीत टबच म्हणतात, म्हणून येथे ‘टाकी’ हा शब्द योजला आहे. निवड आणि मांडणी यांचा विचार सोलापूरची हवा, पाणी आणि घरे डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

उगम : ‘अवगाह’ हा शब्द संस्कृत ‘गाह्’ (बुडी मारणे, आत शिरणे) या धातूला ‘अव’ उपसर्ग लागून झाला आहे. या शब्दाच्या आधारावर थंड पाण्यात बसण्याची प्रथा मूळची आयुर्वेदातील असल्याचे प्रतिपादन अलीकडे वारंवार केले जाते. त्याला दोन बाजू आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात स्वेदाचे जे तेरा प्रकार दिले आहेत त्यांत अवगाहनाचा समावेश आहे, पण तेथे पात्रात काढे, दूध, तेल यांसारखे उष्ण द्रव अभिप्रेत असून हेतू घाम आणण्याचा आहे. म्हणजे आजच्या प्रथेच्या नेमका उलट. दुसरीकडे त्याच संहितेच्या ज्वरचिकित्सेत दाहज्वरासाठी मध, कांजी, दूध, दही, तूप आणि पाणी यांचे सेक (अंगावर धार धरणे) व अवगाह सांगितले आहेत आणि ‘शीतस्पर्शत्वात्’ असे कारणही दिले आहे. तेव्हा शीत अवगाहाचा उल्लेख प्राचीन आहे हे मान्य करावे लागते. मात्र तो तापाने पोळलेल्या रुग्णासाठी आहे, निरोगी माणसाच्या नित्यक्रमासाठी नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. माघस्नान, कार्तिकस्नान किंवा पंढरपूरचे चंद्रभागास्नान यांचेही दाखले दिले जातात. पहाटेच्या गार पाण्याचा अनुभव त्यांत आहेच, तथापि तेथे प्रयोजन पुण्याचे असते आणि पाणी किती गार असावे याचा विधी काही सांगत नाही.

पाश्चात्त्य परंपरेच्या प्रारंभाविषयीही असेच घडते. एडविन स्मिथ पपायरस या ईजिप्शियन वैद्यकीय लेखाकडे (सध्याची प्रत सुमारे इ. स. पू. १६००) बोट दाखवून प्रथेचे वय पाच हजार वर्षांपर्यंत मागे नेले जाते; त्या लेखात सुजेवर व गळवावर थंडावा देणारे लेप आहेत, शरीर बुडवणे नाही. रोमन स्नानगृहांतील ‘फ्रिजिडेरियम’ हा शीत कुंडाचा कक्ष आणि इ. स. पू. २३ च्या सुमारास अँटोनियस म्यूसा याने सम्राट ऑगस्टसवर केलेला थंड पाण्याचा उपचार हे अधिक भक्कम आधार होत. आधुनिक काळात इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर (१६४९–१७३४) आणि जेम्स करी (१७५६–१८०५) यांनी थंड स्नानावर लिहिले. करी यांचा ग्रंथ १७९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात रुग्णांच्या तापमानाच्या नोंदी आहेत. ग्रेफेनबर्गचे व्हिन्सेंझ प्रीस्निट्झ (१७९९–१८५१) आणि व्हरिसहोफेनचे धर्मोपदेशक सेबास्टियन क्नाइप (१८२१–९७) यांनी जलचिकित्सेला लोकचळवळीचे रूप दिले.

महाराष्ट्रात ही परंपरा आली ती प्रामुख्याने लाइपझिगचे जर्मन निसर्गोपचारक लुइस कूने यांच्या वाटेने. त्यांच्या कटिस्नानाचा महात्मा गांधींवर प्रभाव पडला होता, आणि १९४६ मध्ये पुणे–सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथे गांधींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. सोलापूरकडच्या जुन्या पिढीला ‘थंड पाण्याचा टब’ म्हटल्यावर आश्रमातला कंबरेपुरता पत्र्याचा टब आठवतो तो यामुळे. कटिस्नानात पाय व छाती पाण्याबाहेर असतात आणि पाणी बर्फाळ नसते. खेळाडूंच्या थकव्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस रुळलेले पूर्ण अवगाहन ही वेगळी शाखा आहे. घरगुती टाकी या दुसऱ्या शाखेतून आली.

शरीरावरील परिणाम : पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंचवीसपट असल्याने १५° से. तापमानाची हवा सुखद वाटते आणि त्याच तापमानाचे पाणी श्वास रोखून धरायला लावते. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात धाप लागणे, नाडी व रक्तदाब चढणे हा ‘शीताघात’ होय. बहुतेक धोका याच टप्प्यात असतो. १४° से. पाण्यात तासभर बसलेल्यांच्या रक्तातील नॉरॲड्रेनलिन या उत्तेजक संप्रेरकाची पातळी ५३० टक्क्यांनी वाढल्याची २००० मधील एका प्रयोगातील नोंद नेहमी उद्धृत होते, पण घरी कोणी तासभर बसत नाही हे सोबत सांगितले जात नाही. व्यायामानंतरची अंगदुखी यामुळे काहीशी कमी होते, याला २०१२ च्या कोक्रेन समीक्षेने (अनेक वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित पडताळणीने) सावध दुजोरा दिला. २०१५ मधील एका अभ्यासात मात्र वजने उचलण्याच्या व्यायामानंतर लगेच १०° से. पाण्यात बसणाऱ्यांच्या स्नायूंची वाढ बारा आठवड्यांत तुलनेने कमी भरली. तालमीत अंग कमावणाऱ्याने ही बाब ध्यानात ठेवलेली बरी.

पात्राची निवड : पात्र दोन पद्धतींचे असते, पाय पसरून बसण्याचे आडवे आणि गुडघे मुडपून बसण्याचे उभे. उभ्या पात्राला जागा व पाणी कमी लागते आणि उघडा पृष्ठभाग लहान राहतो, म्हणून लहान घरात तेच सोयीचे. आतला व्यास ७० सेंमी.च्या आसपास असावा. बाजारात सहज मिळणारे २०० लिटरचे निळे पिंप प्रौढ माणसाला अरुंद पडते. त्यात उतरता येते, पण गुडघे मुडपून खांद्यापर्यंत बुडता येत नाही. शिवाय सोलापुरात रंगकाम आणि रसायनांच्या व्यवसायांतून आलेली जुनी पिंपे स्वस्तात मिळतात, ती कितीही घासली तरी या कामी वापरू नयेत. ७० किलो वजनाचा माणूस मानेपर्यंत बसला की सुमारे ६५ लिटर पाणी सरकते, ७० सेंमी. व्यासाच्या टाकीत पातळी जवळजवळ १७ सेंमी. चढते. काठापर्यंत भरलेल्या टाकीतले हे पाणी पहिल्याच दिवशी जमिनीवर जाते. ज्या गावात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, तेथे ही चूक कोणी दुसऱ्यांदा करत नाही.

द्रव्यांपैकी पॉलिइथिलीन आणि फायबर ही टिकाऊ व स्वस्त होत. पोलाद घ्यायचे तर क्लोरिनला अधिक तोंड देणारी ३१६ प्रत चांगली. हवा भरून फुगवण्याची पात्रे घडी करून ठेवता येतात, पण सोलापूरच्या उन्हात त्यांचे सांधे लवकर सैल होतात. विटांचा हौद बांधून आतून फरशी लावणे हा मार्ग जुन्या वाड्यांच्या अंगणात आजही शोभतो. मात्र उघडी वीट आणि सिमेंट बाहेरची उष्णता सावकाश आत पाझरवत राहतात, म्हणून भिंतीत निरोधक (उष्णता अडवणारा) थर घातल्याशिवाय तो हौद केवळ पोहायच्या पाण्याचाच राहतो.

गारवा आणणे व टिकवणे : सोलापुरात टाकीचा खरा प्रश्न हाच आहे. मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. ३०० लिटर पाणी ३०° वरून १२° से.वर आणायचे तर सुमारे २२,६०० किलोजूल उष्णता काढावी लागते. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळून त्याचे पाणी १२° पर्यंत येताना सुमारे ३८४ किलोजूल शोषतो. म्हणजे जवळपास ६० किलो बर्फ हवा. तेच पाणी गच्चीच्या टाकीतून ३८° ने भरले तर आणखी सव्वीस किलो लागतो. त्यामुळे टाकी भरताना गच्चीची तोटी न उघडता जमिनीखालच्या हौदातून मोटरने पाणी घ्यावे, ही साधी सूचना कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक बचत करते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी विशीच्या आसपास असते. तेव्हा पंचवीस-सव्वीस किलोत भागते.

बर्फाच्या कारखान्यातून लादी आणतात ती गोणपाटात गुंडाळून, दुचाकीच्या पायाशी ठेवून. सिग्नलला उभे राहिले की चपलेवर पाण्याची धार लागते. लादी अखंड टाकू नये, दाभणाने फोडून घ्यावी, कारण लहान तुकड्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा असल्याने पाणी लवकर निवते. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळसर रंग देणे बंधनकारक आहे, तेव्हा टाकीतले पाणी फिकट निळे दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. पण ज्या पाण्यात तोंड बुडणार त्यासाठी खाण्याचा, पांढरा बर्फच घ्यावा.

माठाप्रमाणे बाष्पीभवनाने पाणी गार करण्याचा प्रयत्नही काही जण करतात. ओले गोणपाट आणि पंखा लावून पाणी फार तर हवेच्या आर्द्र-कंद तापमानापर्यंत (तापमापीचा कंद ओल्या फडक्यात गुंडाळल्यावर दिसणाऱ्या तापमानापर्यंत) उतरते. ४०° तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ही मर्यादा सुमारे २२° येते. उन्हाळ्यात एवढाही उतार बर्फ वाचवतो; पावसाळ्यात तो जवळपास संपतो.

रोज वापर असेल तर चिलर (पाणी गार करणारे विजेचे यंत्र) परवडतो. वरील २२,६०० किलोजूल म्हणजे ६·३ युनिट उष्णता; चांगल्या यंत्राला ती काढायला साधारण अडीच युनिट वीज पुरते. त्याउलट जुना आडवा डीप फ्रीझरच पात्र म्हणून वापरला तर त्याचा काँप्रेसर लहान असल्याने पहिल्यांदा पाणी गार व्हायला दीड-दोन दिवस जातात. एकदा गार झालेले पाणी टिकवणे हा निरोधनाचा विषय आहे. टाकीला चोहोबाजूंनी ५० मिमी. पॉलियुरेथेन फोम आणि घट्ट झाकण असेल, तर बाहेर ४०° असताना हिशेबाने तासाला जेमतेम अष्टमांश अंश तापमान चढते, दिवसभराची वीज गेली तरी चालते. उघड्या प्लास्टिकच्या टाकीत तेच तासाला दोन-अडीच अंशांनी चढते. तेव्हा पैसे मर्यादित असतील तर मोठ्या चिलरपेक्षा जाड झाकणावर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

चिलर सावलीत, शक्यतो घराच्या उत्तर किंवा पूर्व अंगाला आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावा. बंद खोलीत ठेवल्यास तो स्वतःच फेकलेली उष्णता पुन्हा ओढून घेतो. उन्हाळ्यातील धुळीने त्याच्या जाळ्या भरतात, त्या महिन्यातून दोनदा ब्रशने झाडाव्या लागतात. पाणी स्थिर असेल तर अंगाभोवती कोमट पाण्याचे पातळ वेष्टण तयार होते. पंप चालू असताना ते मोडते, म्हणून त्याच तापमानाचे वाहते पाणी अधिक बोचते.

जागा व भार : ३०० लिटर पाणी, माणूस आणि पात्र मिळून वजन ४०० किलोंच्या वर जाते आणि ते अर्ध्या ते एक चौरस मीटरवर पडते. भारतीय मानकानुसार निवासी खोलीच्या स्लॅबसाठी चल भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, वापराच्या गच्चीसाठी त्याहूनही कमी. त्यामुळे वरच्या मजल्यावर टाकी ठेवायची तर ती तुळईवर किंवा भिंतीलगत यावी आणि बांधकाम अभियंत्याला आधी विचारावे. माळवदाच्या घरांवर ती मुळीच ठेवू नये. तळमजल्यावरचा सपाट कोबा सर्वांत योग्य. त्याला मोरीकडे उतार हवा, टाकीखाली निरोधक थर हवा आणि बाहेर पडताना पाय पडेल तेथे खरखरीत फरशी.

विद्युतजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि तपासलेले अर्थिंग अनिवार्य आहे. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीजवळ आणू नये. डीप फ्रीझरचे पात्र केलेले असेल तर आत उतरण्यापूर्वी पिन हाताने काढावी, केवळ बटण बंद करून भागत नाही. आतला पत्रा गंजून बाष्पित्राच्या (गारवा निर्माण करणाऱ्या) नळीपर्यंत पाणी पोचले की यंत्र वाया जातेच, शिवाय पाण्यात वीज उतरण्याचा संभव राहतो. झाकणाची कडी काढून टाकावी आणि मुलांच्या घरात त्यावर बाहेरून कुलूप असावे.

पाण्याची निगा : गार पाण्यात जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. मुक्त क्लोरिन १ ते ३ पीपीएम (दशलक्ष भागांत एवढे भाग) आणि पीएच ७·२ ते ७·८ राखावा. तुरटीने गढूळपणा बसतो, निर्जंतुकीकरण होत नाही. हा गैरसमज घरोघरी आहे. बेसॉल्टमधील बोअरचे पाणी बहुधा जड असते. गीझरमध्ये जसा क्षार धरतो तसा तो थंड पाण्यात धरत नाही, कारण कॅल्शियम कार्बोनेट थंड पाण्यात अधिक विरघळते. पण उडालेल्या पाण्याची भर बोअरनेच घालत राहिल्यास काठावर पांढरी रेघ उमटते. गाळणी नसल्यास पाणी आठवड्याने बदलावे. उतरण्यापूर्वी अंग धुतल्यास ते अधिक दिवस चालते.

वापर : हृदयविकार, उच्च रक्तदाब, अपस्मार, रेनो विकार (थंडीने बोटांचा रक्तपुरवठा आटणे) आणि गर्भारपण यांत डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज उतरू नये. सुरुवात १५° से. आणि एका मिनिटाने करावी, घरात दुसरे माणूस जागे असावे, पाण्यात बसून जोरजोरात श्वास घेण्याचे प्रयोग करू नयेत. बाहेर आल्यावरही शरीराचे आतले तापमान काही काळ उतरत राहते, म्हणून लगेच गरम पाण्याने अंघोळ न करता अंग कोरडे करून सावकाश ऊब आणावी; यासाठी सोलापुरी टॉवेलइतके पाणी टिपणारे दुसरे साधन शोधण्याची येथे गरज पडत नाही.

टाकी रिकामी पडून राहणार असेल तर ती पालथी घालावी. साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी ते डास ही वाढ सात ते दहा दिवसांत पुरी होते, आणि बंद झाकणाखालीही नळीच्या भोकातून डास शिरतो. आठवड्याच्या कोरड्या दिवशी घरातील पिंपे व हौद रिकामे करून घासले जातात त्याच वेळी ही टाकीही घासून घ्यावी. काढलेले पाणी एक-दोन दिवस उघड्या हौदात ठेवले म्हणजे त्यातील क्लोरिन उडून जातो आणि ते अंगणातल्या झाडांना घालता येते.