शेअर मेनिया (मुंबई, १८६३ ते १८६५)

हर्षद मेहताचं १९९२ चं प्रकरण सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या सव्वाशे वर्षं आधी मुंबई याहून वाईट बुडाली होती. १८६३ ते ६५ मधल्या शेअर सट्ट्याच्या त्या वेडाला शेअर मेनिया म्हणतात.

सुरुवात झाली अमेरिकेत. एप्रिल १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि सगळं गिऱ्हाईक मुंबईकडे वळलं. गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा माल मिळेल त्या भावाने जाऊ लागला. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला अशाही आख्यायिका आहेत. युद्धाच्या काळात मुंबईत नेहमीपेक्षा साधारण ७ कोटी पौंड जास्त आले. आता एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग नवीन बँका निघाल्या, फायनान्स कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यातली बॅक बे कंपनी सगळ्यात गाजली, ५ हजार रुपये भरलेला शेअर ५० हजाराच्या आसपास गेला, तेव्हा जमीन अजून पाण्याखालीच होती!

खरी गोम उधारीत होती. माणूस एक शेअर घ्यायचा, तो बँकेत तारण ठेवून कर्ज काढायचा, त्या पैशातून दुसरा घ्यायचा, दुसरा परत तारण. भाव चढला की तारणाची किंमत चढते म्हणून अजून कर्ज मिळतं, अजून कर्ज म्हणजे अजून खरेदी, म्हणून भाव अजून चढतो. बरेच शेअर अर्धवट भरलेले असायचे, म्हणजे कंपनीने उरलेली रक्कम मागितली की द्यायलाच लागणार. वर वायद्याचे सौदे, आज फक्त सही, पैसे पुढच्या तारखेला. यातल्या बऱ्याच सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

बँक ऑफ बॉम्बे १८४० पासूनची, सरकार स्वतः भागधारक, म्हणून लोकांचा डोळे झाकून विश्वास. १८६३ च्या नव्या कायद्याने जुनी बंधनं सैल झाली आणि बँक शेअर्सच्या तारणावर भरमसाट कर्ज द्यायला लागली. कापसाचे आणि सट्ट्याचे बादशहा प्रेमचंद रायचंद यांचा शब्द तिथे चालायचा. कागदावर जोखीम शेकडो लोकांत वाटलेली दिसत होती. पण कर्जदार, तारण आणि बँकेचा स्वतःचा शेअर, तिन्ही एकाच खुंटीला टांगलेले, आणि ती खुंटी म्हणजे अमेरिकेतलं युद्ध चालू राहणं. ते कधीतरी थांबणार हे न कळण्यासारखं काय होतं, पण चढत्या बाजारात हे बोलणारा वेडा ठरतो.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, म्हणजे युद्ध संपल्यातच जमा. बातमी मुंबईत पोचली तसा कापूस कोसळला, मागोमाग शेअर, आणि १ जुलैला कोणाकडेच पैसे नव्हते, कारण प्रत्येकजण एकाचा सावकार आणि दुसऱ्याचा कर्जदार. अ चे येणे ब कडे, ब चे क कडे, आणि क ने सकाळीच हात वर केलेले. या दिवाळखोऱ्या निस्तरायला १८६५ चा २८ वा कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ वर आला, १८६८ मध्ये बँकच गुंडाळली, चौकशीला कमिशन बसलं. त्याच वर्षी त्याच नावाने नवी बँक काढली, तीच पुढे इम्पीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत आली. प्रेमचंदही बुडाले, पण तेजीत त्यांनी दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला.

शहराचं बोलणं बरंच होतं, गावाचं कमी. चढ्या भावाच्या जोरावर दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराने सढळ हाताने उधार दिलं होतं, भाव पडल्यावर कर्ज तेवढंच राहिलं. शिवाय शेतसारा वाढला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या दलालांनी आपली असोसिएशन स्थापन केली, आजचा बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार, तो हाच.