जीटीके टेक्स्ट व्ह्यूमधील मजकूर प्रोग्राममधून बदलणे

जीटीके ही डेस्कटॉप ॲप्लिकेशनच्या खिडक्या, बटणे, मेन्यू घडवणारी मुक्त लायब्ररी. लिनक्सवरचा ग्नोम डेस्कटॉप तिच्यावरच उभा आहे. तिच्या टेक्स्ट व्ह्यूमध्ये, म्हणजे अनेक ओळींचा मजकूर दाखवणाऱ्या चौकटीत, उघडलेली फाइल दाखवणे किंवा लॉगची (प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदींची) नवी ओळ जोडणे ही रोजची कामे, पण नवख्याची गाडी इथेच अडते. तो मजकूर व्ह्यूमध्ये शोधत बसतो, आणि मजकूर तिथे नसतोच.

२००२ साली आलेल्या जीटीके २.० पासून मजकूर 'टेक्स्ट बफर' नावाच्या वेगळ्या साठ्यात राहतो. व्ह्यू तो फक्त दाखवतो. एकच बफर दोन व्ह्यूंना जोडला तर एका बदलाने दोन्हीकडचा मजकूर बदलतो. व्ह्यूचा 'एडिटेबल' गुणधर्म बंद केला तरी टाइप करायला मज्जाव फक्त वापरणाऱ्याला होतो, प्रोग्रामला नाही. लॉगच्या खिडकीला नेमके हेच हवे असते.

सगळा मजकूर बदलायला 'सेट टेक्स्ट', भर घालायला 'इन्सर्ट'. इन्सर्टला जागा सांगावी लागते ती 'इटर'ने, म्हणजे बफरमधले एक स्थान दाखवणाऱ्या खुणेने. बफर बदलला की हाताशी ठेवलेले जुने इटर बाद होतात. जागा टिकवायची असेल तर 'मार्क' ठेवावा, ही बफर बदलला तरी टिकणारी खूण. शेवटच्या ओळीपर्यंत सरकायलाही मार्कच बरा. ओळींची उंची जीटीके सवडीने मोजते, त्यामुळे इटरवर सरकायला सांगितले तर व्ह्यू कधीकधी अलीकडेच थांबतो. मार्क दिला तर मोजणी होईपर्यंत व्ह्यू वाट पाहतो. हे सगळे मुख्य थ्रेडमध्येच करायचे (थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक धागा). दुसऱ्या थ्रेडने आपला मजकूर 'आयडल ॲड'मार्फत, म्हणजे सवड मिळताच काम करायला सांगणाऱ्या फंक्शनने, तिकडे सोपवावा.

देवनागरीत खरी काळजी लागते ती मोजमापाची. 'मराठी' शब्दात डोळ्यांना ३ अक्षरे दिसतात. काना आणि वेलांटी वेगळी धरून बफरच्या हिशेबी ती ५ चिन्हे, आणि युटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) १५ बाइट, म्हणजे दर चिन्हाला ३. सी भाषेतून सेट टेक्स्टला लांबी द्यायची ती बाइटमध्ये, इटरचे स्थान मात्र चिन्हांत. लांबी ५ दिली तर 'म' पुरा येतो, 'र' मधोमध तुटतो, आणि असा मोडका मजकूर जीटीके घेतच नाही. लांबीच्या जागी -१ दिले की शेवटापर्यंतचे बाइट ती स्वतः मोजते. इटरच्या स्थानातही असाच धोका आहे. स्थान २ वर 'क' घातला तर तो 'र' आणि त्याचा काना यांच्यामध्ये शिरतो. काना 'क'ला चिकटतो आणि पडद्यावर 'मरकाठी' उमटते. म्हणून मराठी मजकुरात मधेच भर घालण्याआधी त्या जागी कर्सर थांबू शकतो का, हे इटरला विचारून घ्यावे. तशी सोय जीटीकेमध्ये आहे.