स्लरी दगड

स्लरी दगड : वस्तऱ्याला धार लावताना मूळ दगडाच्या पृष्ठावर पाणी घालून उगाळायचा लहान दगड. उगाळल्यावर सुटलेले अपघर्षक (घासून झिजवणारे) कण आणि पाणी यांच्या पातळ मिश्रणास स्लरी म्हणतात. खानदेशात हा शब्द गोबरगॅसच्या टाकीमुळे शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. येथे शेणाऐवजी दगडाचे कण, एवढेच. सहाणेवर चंदनाचे खोड फिरवून गंध काढणाऱ्याला ही क्रिया वेगळी शिकवावी लागत नाही. मात्र गंध काढताना मुख्यतः खोड झिजते, तर येथे दोन्ही दगड झिजतात, आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच येतात.

‘सहाण’ हा शब्द संस्कृत ‘शाण’ म्हणजे धार लावण्याचा दगड यावरून आला असल्याचे सामान्यतः मानले जाते. गंधाची सहाण हा अर्थ त्यानंतर रूढ झाला असावा. स्लरी दगडासाठी जगभर प्रचलित असलेला ‘नागुरा’ हा शब्द जपानी आहे. जपानच्या आइची प्रांतातील, म्हणजे जुन्या मिकावा भागातील, पांढऱ्या मऊ दगडाला स्थलनामावरून हे नाव पडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या दगडाच्या बोतान, तेंजो, मेजिरो आणि कोमा अशा भरडपासून बारीकपर्यंत प्रती लावतात. मूळ दगडाचाच तुकडा वापरला तर त्याला ‘तोमोनागुरा’ म्हणतात. बेल्जियममध्ये आर्देन डोंगराळ भागातील कोतिकुल दगडावर त्याच दगडाची चीप घासण्याची पद्धत आहे. एका पद्धतीचा उगम दुसरीत शोधण्यापेक्षा त्या स्वतंत्रपणे रुजल्या असे मानणे सयुक्तिक ठरते. आज ‘नागुरा’ हा शब्द कोणत्याही उगाळण्याच्या तुकड्याला सैलपणे लावला जातो, त्यामुळे विकत घेताना नुसत्या नावावर जाऊ नये.

कृत्रिम दगडांची गोष्ट निराळी आहे. सिलिकॉन कार्बाइड हे कृत्रिम अपघर्षक १८९१ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले, पाठोपाठ विद्युत्‌भट्टीत वितळवलेले अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड) आले. वस्तऱ्याच्या आजच्या बहुतेक कृत्रिम दगडांत अ‍ॅल्युमिनाचे सारख्या मापाचे कण भाजलेल्या मातीच्या, रेझिनच्या किंवा मॅग्नेशियाच्या बंधकात, म्हणजे कण एकत्र बांधणाऱ्या पदार्थात, धरलेले असतात. मुख्य वाद येथे उभा राहतो. स्लरीतील कण घासता घासता फुटून बारीक होतात, म्हणून एकाच दगडावर भरड काम आणि पॉलिश दोन्ही साधते, असा एक दावा आहे. काही नैसर्गिक दगडांच्या बाबतीत त्यात तथ्य असू शकते. अ‍ॅल्युमिनाची कठिनता मात्र मोहस मापावर ९, म्हणजे क्वार्ट्झच्या ७ पेक्षा बरीच वर आहे. हाताच्या हलक्या दाबाखाली काही मिनिटांत ते कण उपयोगी पडेल इतके फुटतील हे पटण्यासारखे नाही. कृत्रिम दगडावर स्लरीचे काम वेगळे आहे : चकाकून गुळगुळीत झालेले पृष्ठ पुन्हा उघडणे, पोलादाची काळी भुकटी उचलणे आणि दगडाची पकड एकसारखी ठेवणे. उलट, सुटे कण धारेच्या अगदी टोकावर समोरून आदळून ते बोथट करतात. म्हणून स्लरी सुरुवातीला, शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर, हाच क्रम योग्य होय.

साधारण ५ × २.५ सेंमी.चा तुकडा पुरतो. त्याच्या कडा आधी घासून गोल कराव्यात, नाहीतर कोपरा मूळ दगडावर ओरखडा काढतो. दगड सपाट असल्याची खात्री करून पाच-सहा थेंब पाणी टाकावे आणि तुकडा वजन न देता पूर्ण लांबीभर गोल फिरवावा. वीस-तीस सेकंदांत पाणी पातळ दुधासारखे दिसते. ताकाइतके दाट झाले की ते जास्त झाले. फक्त मध्यभागी घासल्यास दगडाला खळगा पडतो आणि धारेचा उतार वाकडा येतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवून, धार पुढे करून, टाचेकडून टोकाकडे तिरपे हात घ्यावेत. वीसेक हात झाले की स्लरी करडी होते. पुढे सरकताना पाणी धारेच्या पूर्ण लांबीवर सारखे वर चढत असेल, तर उतार दगडाला नीट बसला आहे; जेथे चढत नाही तेथे धार अजून टेकलेली नाही. मग दगड आणि वस्तरा दोन्ही धुऊन दहा-पंधरा हात नुसत्या पाण्यावर घ्यावेत व शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावे.

सर्वांत महागात पडणारी चूक तुकड्याच्या निवडीत होते. जपानी मापनात ८००० क्रमांकाचा कण सुमारे १.२ मायक्रॉनचा, तर १००० चा सुमारे ११.५ मायक्रॉनचा असतो. ८००० च्या दगडावर १००० चा तुकडा उगाळला तर जवळजवळ दहापट मोठे कण बारीक धारेखाली येतात. गालावर वस्तरा ओढताना ते लगेच कळते. तुकडा त्याच क्रमांकाचा किंवा त्याहून बारीक असावा. हिऱ्याचे कण बसवलेल्या पट्टीनेही स्लरी निघते व ती मूळ दगडाचीच असते; पण नव्या पट्टीचे सुटे हिरे दगडात रुतण्याचा धोका असल्याने ती आधी एखाद्या भरड दगडावर घासून घेतात.

खानदेशचा दगड म्हणजे दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट. त्यातील पोकळ्यांत झिओलाइट आणि कठीण कॅल्सेडोनी या खनिजांच्या गाठी असतात. जळगाव परिसरातील झिओलाइटचे स्फटिक तर संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. विळ्या-कोयत्याला असा दगड चालून जातो, वस्तऱ्याच्या शेवटच्या धारेला नाही. केशकर्तनालयांत आता पाते बदलण्याचा उस्तरा रूढ असल्याने दगडावर धार लावणे मोजक्या हातांत उरले आहे.

हवामानाचा परिणाम अधिक ठळक आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की स्लरी दोन-तीन मिनिटांत आटून चिकट होते आणि वस्तरा अडखळतो. अशा वेळी दर आठ-दहा हातांनी दोन थेंब पाणी द्यावे, नवी स्लरी काढू नये. वाऱ्याने उडणाऱ्या धुळीतला वाळूचा एक कणही ओरखड्याला पुरतो, म्हणून खिडकी लावून बसतात. बोअरच्या जड पाण्याने दगडावर पांढरा थर धरतो. माठातले गाळलेले पाणी त्या मानाने बरे. काम झाल्यावर दगड धुऊन सावलीत कापडावर उभा ठेवावा. मॅग्नेशियाच्या बंधकाचा दगड रात्रभर पाण्यात राहिला किंवा ओला असताना उन्हात वाळवला, तर त्याला केसासारख्या भेगा पडतात.